गिरणगावातील तरुणाचा रविवार: फावल्या वेळाचा दीडशे वर्षांचा इतिहास

१/
आजचा एखादा रविवार डोळ्यांसमोर आणा. लालबागमधील पंचविशीतला एक तरुण उशिरा उठतो. सकाळी मित्रांबरोबर मोबाइलवर दोन-चार डाव, दुपारी घरचे मटण, संध्याकाळी दादरला चक्कर, स्थानकाबाहेर वडापाव आणि मग शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर रात्रीपर्यंत गप्पा. यात इतिहास तो कसला, असे कुणीही म्हणेल. या थ्रेडमध्ये आपण तोच शोधणार आहोत. गिरगाव, परळ, लालबाग आणि दादर या पट्ट्यातील तरुणाला फावला वेळ केव्हा मिळाला, तो त्याने कसा घालवला आणि त्यासाठी जागा कुठे सापडली, हा आजचा विषय.

२/
आरंभ गिरणीपासूनच करावा लागतो. कावसजी नानाभाई दावर यांच्या कंपनीची ताडदेव येथील कापड गिरणी १८५६ साली सुरू झाली. पुढील तीन-चार दशकांत भायखळा, परळ, लालबाग, शिवडी या भागांत धुरांड्यांचे रान उभे राहिले. गिरणीत विजेचे दिवे नव्हते, म्हणून कामाचे घड्याळ म्हणजे सूर्य. उजाडल्यापासून मावळेपर्यंत काम. हिवाळ्यात ते दहा तासांच्या आसपास भरे, उन्हाळ्यात तेरा-चौदा तासांवर जाई. सुट्टी मिळे ती सणावाराला किंवा यंत्रे साफ करण्याच्या दिवशी, आणि त्या दिवशीही अर्धा वेळ साफसफाईतच जाई.

३/
‘आठवड्याची सुट्टी’ ही कल्पना या कामगाराच्या आयुष्यात आणण्याचे मोठे श्रेय नारायण मेघाजी लोखंडे यांना जाते. सत्यशोधक परंपरेतील हा कार्यकर्ता ‘दीनबंधु’ पत्राचा संपादक होता. १८८४ साली लोखंडे यांनी कामगारांच्या सभा भरवून एक निवेदन तयार केले आणि त्यावर सुमारे साडेपाच हजार कामगारांनी सह्या केल्या. मागण्या आज वाचताना साध्या वाटतात: रविवारी पूर्ण विश्रांती, दुपारी अर्ध्या तासाची सुट्टी, कामाच्या वेळेला मर्यादा आणि ठरल्या तारखेला पगार.

४/
मालकांनी पुष्कळ काळ दाद दिली नाही. एप्रिल १८९० मध्ये सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली. त्या सभेत दोन स्त्री कामगारांनीही भाषणे केली, ही गोष्ट विसरता कामा नये. अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी साप्ताहिक सुट्टी मान्य केली आणि १८९१ च्या कारखाना कायद्याने तिला कायद्याचे बळ मिळाले. आपण ज्या रविवारी आरामात लोळत पडतो, त्याची जन्मतारीख ही अशी इतिहासात नोंदलेली आहे.

५/
मात्र सुट्टीचा एक दिवस मिळाला म्हणून संध्याकाळ मिळाली नव्हती. विसाव्या शतकाच्या आरंभी गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि सूर्याची मर्यादाही संपली. काही गिरण्या रात्री उशिरापर्यंत चालू लागल्या. त्यानंतरची कथा तासातासाने पुढे सरकते. १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांतील प्रौढ पुरुषांसाठी दिवसाला बारा तासांची मर्यादा घातली. १९२२ मध्ये आठवड्याचे साठ तास झाले, १९३४ मध्ये चोपन्न, १९४६ मध्ये अठ्ठेचाळीस. हे आकडे रुक्ष वाटतील. पण परळच्या नाक्यावर संध्याकाळी जी गर्दी जमू लागली, जी नाटकमंडळे निघाली, जे कबड्डीचे सामने रंगू लागले, त्या सर्वांमागे हे कमी झालेले तास उभे आहेत.

६/
आता जागेचा प्रश्न. हा कामगार बहुधा रत्नागिरी, सातारा या भागांतून आलेला, वयाने तरुण आणि कुटुंब गावी ठेवून एकटा राहणारा होता. एका गावची माणसे मिळून चाळीतील एखादा गाळा घेत. प्रत्येकाची एक ट्रंक, एक वळकटी. दिवसपाळीचा माणूस बाहेर पडला की रात्रपाळीचा त्याच जागेवर अंग टाकी. अशा खोलीत फावला वेळ घालवायचा तरी कसा? म्हणून गिरणगावाची करमणूक घराबाहेर वाढली. गॅलरी, जिना, नाका, पानाची गादी, तालीम आणि मैदान हाच त्याचा दिवाणखाना झाला.

७/
तालीम हे त्यातील सर्वांत जुने ठिकाण. जोर, बैठका, लेझीम, मल्लखांब आणि कुस्ती गावाकडून शहरात आली. तालमीतला उस्ताद अनेकदा वस्तीचा पुढारीही असे. एकोणिसाव्या शतकात याच मोहल्ल्यांतील टोळ्या मोहरमच्या ताबुतांच्या मिरवणुकीत उतरत आणि त्यांत हिंदू तरुणही उत्साहाने भाग घेत. १८९३ च्या दंगलीनंतर हे चित्र बदलू लागले. पुढे पोलीस आयुक्त एस. एम. एडवर्ड्स यांच्या कारकिर्दीत मोहरमच्या मिरवणुकांवर कडक निर्बंध आले.

८/
त्याच १८९३ साली गिरगावातील केशवजी नाईक चाळीत सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला. चिंचपोकळीचे मंडळ १९२० चे, गणेश गल्लीचे १९२८ चे, तर लालबागच्या बाजारातील गणपती १९३४ पासूनचा. त्या बाजाराची कथा मोठी बोलकी आहे. पेरू चाळीचा जुना बाजार १९३२ साली बंद झाला, कोळी आणि इतर विक्रेते उघड्यावर आले, त्यांनी नव्या जागेसाठी नवस केला आणि जागा मिळाल्यावर गणपती बसवला. तरुणांच्या दृष्टीने हे दहा दिवस म्हणजे भक्तीबरोबरच नाटक, मेळे, व्याख्याने, सजावट आणि रात्रभर जागण्याची उघड परवानगी होती. कित्येक नटांचा पहिला रंगमंच गल्लीतला मांडवच होता.

९/
पोटाची सोय खाणावळीत होई. एकट्या कामगारांना महिन्याच्या बोलीवर जेवण घालणाऱ्या बायका गिरणगावात घरोघरी होत्या. पगाराच्या दिवशी हिशेब चुकता व्हायचा, संप झाला की उधारी वाढायची. येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. कायद्याने तरुणाला जो रविवार दिला, तो खाणावळवालीला मिळाला नाही. रविवारचे सागुतीचे जेवण म्हणजे तिला उलट जास्तीचे काम. तरुणाच्या विश्रांतीचा हिशेब तिच्या श्रमांशिवाय पुरा होत नाही. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन करून या बायकांना बँकेचे कर्ज मिळवून दिले, तेव्हा कुठे सावकाराच्या विळख्यातून सुटण्याची वाट दिसली.

१०/
खाणावळीबाहेर इराण्याचे हॉटेल होते. एका चहावर तासभर बसू देणारी, वर्तमानपत्र फुकट वाचायला देणारी ही जागा तरुणांची आवडती झाली. गिरगावात पणशीकर, दादरला मामा काणे अशी मराठी उपाहारगृहे होती. तेथे पांढरपेशा तरुण पियूष, साबुदाणा वडा, मिसळ यांवर गप्पा रंगवी. म्हणजे कारकून आणि कामगार यांचे शहर एक होते, पण बाकडी बहुधा वेगवेगळी. दोघांना एका रांगेत उभे करणारी वस्तू आणखी काही वर्षांनी येणार होती.

११/
तत्पूर्वी पडदा आला. ७ जुलै १८९६ रोजी वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे दाखवली गेली. तिकीट होते एक रुपया, म्हणजे कामगाराच्या आवाक्याबाहेर. दादासाहेब फाळके यांना स्वतः चित्रपट काढण्याची प्रेरणा मिळाली ती गिरगावातील चित्रपटगृहात ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट पाहून. दादरला मथुरा भवनात त्यांनी कारखाना थाटला आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावातीलच कॉरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला. त्यातील तारामती म्हणजे ग्रँट रोडच्या एका उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके. भारतीय पडद्यावरची ही पहिली नायिका हॉटेलच्या मुदपाकखान्यातून आली होती!

१२/
१४ मार्च १९३१ रोजी गिरगावच्या मॅजेस्टिकमध्ये ‘आलम आरा’ झळकला आणि पडदा बोलू लागला. तिकिटासाठी एवढी झुंबड उडाली की पोलिसांना बोलवावे लागले. काळ्या बाजारात तिकीट मूळ किमतीच्या कित्येक पट दराने विकले गेले. पुढे लालबाग-परळ-दादर पट्ट्यात भारतमाता, जयहिंद, हिंदमाता, चित्रा, प्लाझा, कोहिनूर अशी चित्रपटगृहे गाजली. पाळी सुटल्यावर अंगावर कापसाचे तंतू तसेच असताना खेळाला शिरणारे प्रेक्षक हे या भागाचे वैशिष्ट्य होते. भारतमाता तर मराठी चित्रपटाचे हक्काचे घर म्हणून ओळखले गेले.

१३/
पडद्याने रंगमंच मारला नाही. ना. म. जोशी यांनी १९११ साली स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगने कामगारवस्तीत वाचनालये आणि रात्रशाळा काढल्या. कामगाराचा मोकळा वेळ दारूच्या गुत्त्यात जाऊ नये, असा सुधारकी हेतू त्यामागे होता. याच संस्थेचे परळचे दामोदर नाट्यगृह १९२२ साली उभे राहिले. सुधारकांनी ते संस्कारांसाठी बांधले, पण कामगारांनी ते आपल्या आवडीने भरून टाकले. कोकणातील नमन, दशावतार, शक्ती-तुरा, गावमंडळाच्या मदतीसाठी बसवलेली तीन अंकी नाटके, सारे तेथे झाले. दिवसभर साचा सांभाळणारा माणूस रात्री राजाचा मुकुट घालून उभा राही आणि समोर बसलेले त्याचे गाववाले त्याच्या प्रत्येक वाक्यावर टाळी देत.

१४/
लालबागच्या हनुमान थिएटरात तमाशाचे फड रंगत. १९४० च्या दशकात अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्या लाल बावटा कलापथकाने त्याच तमाशात गिरणी, भाडे, संप आणि दुष्काळ आणला. गणात गणपतीऐवजी श्रमिकांना वंदन होऊ लागले. अण्णा भाऊ स्वतः वाटेगावहून मुंबईत आलेले आणि गिरणीत राबलेले होते. करमणूक आणि चळवळ यांमधली भिंत गिरणगावात फार पातळ होती. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात शाहिरांनी मैदाने कशी भरवली, हे आपण जाणतोच.

१५/
मैदाने म्हटली की खेळ आला. दादरचे मैदान १९२५ साली लोकांसाठी खुले झाले. त्याचे आधीचे नाव माहीम पार्क; १९२७ साली नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या आग्रहाने ते शिवाजी पार्क झाले. पुढे याच मातीत रमाकांत आचरेकरांनी पिढ्या घडवल्या. मैदान ज्यांना मिळाले नाही त्यांनी चाळीचे आवार वापरले. पहिल्या मजल्यावर चेंडू गेला की बाद, खिडकी फुटली की पळ! चिखलवाडीच्या अशाच आवारात खेळत वाढलेला एक मुलगा सुनील गावसकर या नावाने जगाला माहीत झाला. कामगारवस्तीचा खास खेळ मात्र कबड्डी. त्याला ना बॅट लागे ना पॅड. लागे फक्त दम आणि थोडी मोकळी जमीन.

१६/
बाहेर फिरायला जाण्याचीही एक ठरलेली वाट होती. भायखळ्याची राणीची बाग १८६२ ची, तिच्या शेजारचे वस्तुसंग्रहालय १८७२ चे, गिरगाव चौपाटी तर फुकटच. १९५१ साली चर्नी रोडला तारापोरवाला मत्स्यालय सुरू झाले. या सगळ्यांना जोडणारी होती ट्राम: १८७४ पासून घोड्यांची, १९०७ पासून विजेची. स्वस्त, सावकाश आणि खिडकीतून शहर दाखवणारी. ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरला शेवटची ट्राम गेली, तेव्हा तिला निरोप द्यायला रस्त्याच्या दुतर्फा लोक उभे होते.

१७/
इतिहास लिहिताना केवळ गोड आठवणी पुरत नाहीत. याच काळात मटकाही फोफावला. आधी न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातील भावांच्या आकड्यांवर सट्टा चाले. १९६० च्या दशकाच्या आरंभी ते भाव येणे थांबले, तेव्हा वरळीच्या कल्याणजी भगत यांनी पत्ते काढून आकडे जाहीर करण्याची पद्धत सुरू केली. ज्या कापसावर कामगाराचा पगार अवलंबून होता, त्याच कापसाच्या भावावर त्याचा जुगारही उभा होता. पगाराच्या दिवशी गिरणीच्या फाटकाबाहेर सावकार, मटकेवाला आणि घरची माणसे तिघेही वाट पाहत असत.

१८/
आणि आता ती एका रांगेत उभी करणारी वस्तू: वडापाव. १९६६ साली दादर स्थानकाबाहेर अशोक वैद्य यांनी बटाटावडा पावात घालून विकायला सुरुवात केली, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. पाळीवर धावणाऱ्या कामगाराला ताट, पाणी, बाकडे यांशिवाय चालता चालता खाता येईल असे अन्न हवे होते. गाडी पकडणाऱ्या कारकुनालाही तेच हवे होते. म्हणून तिखट चटणीचा हा घास दोघांचाही झाला.

१९/
१८ जानेवारी १९८२. डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. भोंगे मुके झाले. ज्या तरुणांच्या बापांनी तासातासाने मोकळा वेळ मिळवला होता, त्यांच्यावर आता संपूर्ण दिवस रिकामा येऊन पडला. काम नसताना मिळालेला वेळ ही विश्रांती नसते, हे गिरणगावाने फार महाग किंमत देऊन जाणले. घरची भांडी विकली गेली, कुणी गावी परतले, कुणी वडापावची गाडी टाकली, काही मुले टोळ्यांकडे ओढली गेली. जयंत पवार यांचे ‘अधांतर’ हे १९९७ चे नाटक त्याच घरांची कहाणी सांगते.

२०/
योगायोग असा, की त्याच १९८२ साली दूरदर्शन रंगीत झाले. पाठोपाठ व्हिडिओ पार्लर आले, नाक्यानाक्यावर कॅरमचे अड्डे बसले आणि मग अंधाऱ्या गाळ्यांत व्हिडिओ गेमची यंत्रे. नाणे टाकायचे आणि ‘लाइफ’ संपेपर्यंत खेळायचे. कॅपकॉम कंपनीचा १९९३ चा ‘कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स’ हा खेळ आपल्याकडे त्याच्या मूळ नावाने कुणी ओळखलाच नाही. त्यातील एका पात्रावरून तो सर्वत्र ‘मुस्तफा’ झाला. एक खेळणारा आणि मागे उभे राहून सल्ले देणारे पाच, हे दृश्य नीट पाहिले तर त्यात जुन्या नाक्याची वहिवाट दिसते. यंत्र जपानचे, पण बसण्या-उठण्याची रीत गिरणगावचीच.

२१/
१५ ऑगस्ट १९९५ रोजी देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झाले. थोड्याच वर्षांत सायबर कॅफे निघाले. तासाच्या दराने ‘काउंटर स्ट्राइक’ खेळणारी मुले तेथे जमू लागली. २०१८ नंतर खेळ मोबाइलवर आला आणि गाळ्याचीही गरज उरली नाही. पबजीवर २०२० मध्ये बंदी आली, पुढल्या वर्षी तिचा भारतीय अवतार आला. आता चौघे मित्र चार घरांत बसून एकच लढाई लढतात. खोली तेव्हाही लहान होती, आजही लहान आहे. फरक इतकाच, की तेव्हा लहान खोलीने तरुणाला बाहेर ढकलले. आज बाहेर जागा उरली नाही म्हणून तो पडद्यात शिरतो.

२२/
ही जागा गेली कुठे? १९९१ च्या विकास नियमावलीने गिरण्यांच्या जमिनीचे ढोबळमानाने तीन वाटे केले: एक मोकळ्या जागेसाठी, एक घरांसाठी, एक मालकासाठी. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी संपूर्ण जमिनीऐवजी फक्त मोकळ्या पडलेल्या भागापुरती उरली. लोकांसाठीचा वाटा आक्रसला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि मार्च २००६ मध्ये न्यायालयाने ती दुरुस्ती वैध ठरवली. १९०५ मध्ये सुरू झालेल्या फिनिक्स गिरणीच्या आवारात १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून बॉलिंग, दुकाने, उपाहारगृहे आली. आजोबा जेथे घाम गाळत, तेथे नातू पैसे देऊन खेळू लागला. ज्याच्याकडे पैसे नाहीत तो वातानुकूलित गारव्यात फेरी मारून परतला.

२३/
२०२३ च्या अखेरीस दामोदर नाट्यगृहही पुनर्विकासासाठी बंद झाले. रंगकर्मी रस्त्यावर उतरले, कारण प्रश्न केवळ एका इमारतीचा नव्हता. स्वस्त भाड्यात हौशी माणसाला उभे राहू देणारा रंगमंच या परिसरात दुसरा कुठे होता? फावल्या वेळाला दोन गोष्टी लागतात: तास आणि जागा. तास मिळवायला लोखंडे यांच्या निवेदनापासून १९४६ च्या कायद्यापर्यंत बासष्ट वर्षे लागली. जागा मात्र त्याहून कितीतरी कमी काळात हातची गेली.

२४/
म्हणून मित्रहो, रविवारी मोबाइल हातात घेतलात तर त्यात अपराधी वाटण्याजोगे काही नाही. प्रत्येक पिढी आपला खेळ शोधतेच. पण एखाद्या रविवारी घरातील आजी-आजोबांना एवढेच विचारा: तुमच्या वेळी सुट्टी असली की कुठे जात होतात, काय खात होतात, आणि त्या दिवशी घरी राबत कोण होते? जे ऐकाल ते तारखेसह आणि चाळीच्या नावासह लिहून ठेवा. जुन्या सभांचे, तालमीचे, नाटकमंडळाचे छायाचित्र घरात असेल तर त्यामागे माणसांची नावे लिहा. गिरण्यांचे ताळेबंद दप्तरखान्यात सापडतील. रविवारची ही वही मात्र घरोघरीच सापडेल आणि ती वाचून दाखवणारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत.

थ्रेड समाप्त. तुमच्या घरातील रविवार खाली जरूर लिहा.